दोन शिट्ट्यांची डाळ

हिलालकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते शाळेच्या संडासाची टाकी भरली तेव्हा.

लोणखेडी हे गिरणेच्या काठाचं गाव, भडगावपासून आठ किलोमीटरवर. दुपारची सुट्टी संपत आली होती आणि एक टँकर उलटा चालत शाळेच्या मैदानात शिरला. रिव्हर्स टाकला की त्या गाडीतून सनईसारखा सूर निघायचा. पहिली-दुसरीची मुलं वरात आली समजून धावत बाहेर आली आणि वाऱ्याची झुळूक लागताच तितक्याच वेगाने आत गेली. गाडीतून उतरला तो चाळिशीतला, शिडशिडीत, मिशी नीट कातरलेला माणूस. त्याने पाइप सोडला, पंप सुरू केला, अर्ध्या तासात टाकी रिकामी केली, झाकण बसवलं, भोवती चुना टाकला. मग नळावर जाऊन हात धुतले. एकदा नाही, तीनदा. साबण स्वतःचा, कागदात गुंडाळून आणलेला. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपरापर्यंत. व्हरांड्यातून बघणाऱ्यांना कबूल करावं लागलं, की इतकं मन लावून हात धुणारा विद्यार्थी त्या शाळेत आजवर झाला नव्हता. शिक्षकांचं न बोललेलं बरं.

चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि हिलालला कागदी पेला. शाळेत कागदी पेले नव्हतेच. तो एक कुठून तरी शोधून आणला होता. हिलालने चहा संपवला, पेला नळावर विसळला, घडी घालून खिशात ठेवला.

"अहो, टाकून द्या तो," कोणीतरी म्हणालं.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. घर दखाडसू," हिलाल अहिराणीत म्हणाला. "शाळामा माले नवा कोरा पेला भेटना. तुम्हले बठ्ठासले मातर जुनाच कप."

हसावं की खाली बघावं हे कोणालाच कळलं नाही. हिलाल मात्र सनई वाजवत गाडी बाहेर घेऊन गेला.

घरची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन. त्यात दोन भाऊ. धाकट्याने शेत धरलं आणि हिलालने टँकरचं स्टिअरिंग. एका ठेकेदाराच्या गाडीवर त्याने सोळा वर्षं काढली. पाचोरा, भडगाव, पारोळा, अगदी धुळ्याच्या अलीकडची खेडी, सगळीकडची खड्ड्यांची भूगोलविद्या त्याला तोंडपाठ होती. टाकीवरून त्याला घर कळायचं. बंगला दोन मजली आणि टाकी मोटारीच्या टायरएवढी, असं घर तो दुरून ओळखायचा. रेशनच्या कागदावर ज्यांच्याकडे दोनच माणसं, त्यांची टाकी दर आठ महिन्यांनी भरायची. एका घरच्या टाकीतून सोन्याची बाळी निघाली. तिच्यापायी सासूने सुनेवर तीन वर्षं संशय घेतला होता. हिलालने ती धुतली, कागदात बांधली आणि गपचूप सुनेच्या हातात ठेवली. ही गोष्टही गावाला त्या सुनेनेच सांगितली. हिलाल बोलला नाही. थट्टा तो कोणाचीही करायचा, चहाडी कोणाचीच नाही. गावाचं सगळं गुपित पोटात घेऊन तो हिंडायचा आणि गाव त्याला पंगतीत शेवटच्या टोकाला, चपलांच्या ढिगाशेजारी बसवायचं. त्याचे सख्खे भाऊबंदसुद्धा.

मग मशीन आलं.

एका संस्थेने गावाबाहेरच्या पडीक जागेवर पत्र्याची मोठी शेड उभी केली. त्यात एक भट्टी, एक इंजिन, चार टाक्या आणि आतड्यांसारखे वळत गेलेले पाइप. संस्थेतर्फे आलेल्या इंजिनिअर किरण मॅडम धुळ्याच्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं. आसपासच्या खेड्यांतून टँकरने येणारा मैला या मशीनमध्ये जाणार आणि त्यातून वीज आणि प्यायचं पाणी निघणार, असं त्यांनी ग्रामपंचायतीत सांगितलं, तेव्हा पहिली पाच मिनिटं लोकांना वाटलं, मॅडम चेष्टा करतायत. पुढची पाच मिनिटं वाटलं, की चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

मशीन चालवायला गावातलाच माणूस हवा होता. सहा जण आले. मॅडमनी एका बरणीचं झाकण उघडून बरणी टेबलावर ठेवली. पाच रुमाल नाकाला गेले. हिलालने वाकून बघितलं, बरणी जरा हलवली आणि म्हणाला, "मॅडम, हा पावसाळ्यातला माल. पाणी फार आहे. वाळवायलाच निम्मी आच खाईल. उन्हाळ्यातला आणू का?"

मॅडमनी नाव लिहून घेतलं.

तीन महिने तो धुळ्याला देवपुरात खोली घेऊन राहिला, मशीन शिकला. परत आला तो निळ्या गणवेशात. खिशावर नाव शिवलेलं: हिलाल, ऑपरेटर. तो गणवेश तो स्वतः इस्त्री करायचा. सोळा वर्षांत त्याला लोकांनी 'ए गाडीवाल्या' म्हणून हाक मारली होती. किरण मॅडम त्याला 'हिलालभाऊ' म्हणायच्या आणि शेडमध्ये स्टीलचे पेले सगळ्यांना सारखे होते.

मशीन कसं चालतं हे तो शाळेतल्या मुलांना फार छान सांगायचा. आधी गाळ तापवून वाळवायचा. वाळताना वाफ निघते, ती धरायची, गार करायची, चार-पाच गाळण्यांतून काढायची. ते झालं पाणी. वाळलेला गाळ गोवरीसारखा भट्टीत घालायचा, त्या आचेवर दुसरी वाफ करायची, ती इंजिन फिरवते. ती झाली वीज. त्याच विजेवर मशीन चालतं, उरते ती गावाला. शेवटी पोतंभर राख. "आई चुलीवर भात ठेवते," तो मुलांना विचारायचा, "झाकणाला आतून जे थेंब धरतात ते भाताचे असतात का?" मुलं ओरडायची, "पाण्याचे!" मुलांना पटायचं. मुलं घरी जाऊन सांगायची आणि पाठीत धपाटा खायची.

विजेचं भांडण झालंच नाही. चौकात, मारुतीच्या पारावर, व्यायामशाळेत मशीनचे दिवे लागले. लोकांनी पहिल्याच संध्याकाळी पारावर मोबाइल चार्जिंगला लावले. माजी सरपंच गिरधर नाना तर रोज त्या दिव्याखाली पेपर वाचायला बसायचे आणि पेपर वाचून झाला की मशीनच्या पाण्याला नावं ठेवायचे. गावात नवीन काही आलं की त्याला सर्वांत आधी 'नाही' म्हणणं हे नानांचं मानाचं काम होतं. मोबाइलच्या टॉवरला त्यांनी नाही म्हटलं होतं, एसटीच्या नव्या थांब्याला म्हटलं होतं, स्वतःच्या मुलाच्या लग्नालाही आधी नाहीच म्हटलं होतं.

एकदा हिलाल पारापुढून जाता जाता थांबला.

"नाना, हाऊ उजेड कोठून ऊना, म्हाईत शे का?"

"कोठून?"

"तुम्हनी टाकी मी मागला हप्तामा उपसी ना, तठून. आपलाच उजेडमा आपण पेपर वाची ऱ्हायनात."

पारावरची सगळी मंडळी हसली. नानांनी पेपरची घडी घातली. "उजेडले वास येस का रे? पानीनी गोट न्यारी शे."

खरी गोम तिथेच होती. मशीन एका वर्षाच्या बोलीवर आलं होतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, गावातल्या निदान साठ घरांनी मशीनवरून पाणी भरायचं कार्ड घेतलं तर मशीन राहणार. नाही तर संस्था ते उचलून दुसरीकडे नेणार. वीज सगळ्यांना हवी होती, पण संस्थेच्या कागदावर मोजणी पाण्याची होती. पाणी तपासून जळगावहून अहवाल आला, तो मॅडमनी चौकातल्या फळ्यावर लावला. दोन दिवसांनी कोणीतरी त्यावर 'गाभण शेळी विकणे आहे' असा कागद चिकटवला.

मशीन गेलं तर मॅडम धुळ्याला जातील. हिलाल कुठे जाणार? परत ठेकेदाराच्या गाडीवर, परत चपलांच्या ढिगाशेजारी. गणवेशावरचं नाव उसवून टाकावं लागेल. हे तो कोणाजवळ बोलला नाही. त्याऐवजी त्याने डोकं चालवलं आणि तिथेच घोटाळा केला.

जानेवारीतल्या ग्रामसभेला तो दोन माठ घेऊन आला. तोवर सतरा कार्डं झाली होती. "नाना, तुम्ही गावातले जाणते. पाण्याची चव तुमच्याइतकी कोणाला कळत नाही," त्याने सभ्य भाषेत सुरुवात केली. "यातलं चांगलं कोणतं, सांगा."

नानांनी पहिल्या माठातलं पाणी घेतलं, तोंड वाकडं केलं. बोअरचं खारट पाणी. दुसऱ्या माठातलं घेतलं, डोळे मिटले, आणखी एक पेला मागून घेतला. "अरे, हाई ते आपली नदीकाठनी जुनी इहीरनं पानी! लहानपनपाईन पेयेल शे मी. लाखमा वळखसू."

"नाना," हिलाल म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना, "इहीर ते दोन महिना व्हयनात, आटी गयी."

मग जे झालं ते लोणखेडीत अजून सांगतात. नाना उठले, पंचायतीच्या मागच्या नळावर गेले आणि पंधरा मिनिटं चुळा भरत राहिले. सभा तहकूब झाली. तीन दिवस नानांनी तुळशीची पानं आणि ताक याशिवाय काही घेतलं नाही. ज्यांनी नानांना चुळा भरताना बघितलं, त्यांना नुसतंच मळमळायला लागलं. सतरातली दहा कार्डं परत आली. राहिली सात, त्यातली चार हिलालच्या भाऊबंदांची, आणि ती त्यांनी कपाटात ठेवून दिली होती.

किरण मॅडम त्याला रागावल्या. आवाज न चढवता रागावल्या, म्हणून ते जास्त लागलं. "हिलालभाऊ, पाणी शुद्ध आहे हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पण न सांगता पाजलं की ते अशुद्धच होतं. यापुढे असं करायचं नाही."

घरी बेबाबाई त्याची वाट बघत होती. बेबाबाई म्हणजे हिलालची बायको. उंचीने त्याच्या खांद्याला लागते. बाकी कोणत्याही बाबतीत खांद्याशी थांबत नाही. तिने ताट वाढलं, भाकरी त्याच्या हातात दिली आणि तो मोडणार तेवढ्यात म्हणाली, "थांबा. आधी आन घ्या. आते कोनलेच फसाडानं नही. इचारं तर खरं सांगानं. नही इचारं तर गप बसानं. घ्या भाकरनी आन."

"आन् लोके खरं मानतस नही ते?"

"ते मी दखसू."

भाकरी गार होत होती. हिलालने शपथ घेतली.

बेबाबाईने पुढे काय केलं? काहीच नाही. रोज मशीनवरून पाण्याचा कॅन आणायचा आणि त्यात तुरीची डाळ लावायची, एवढंच.

आता लोणखेडीच्या बोअरचं पाणी ज्याला माहीत नाही त्याला हे कळायचं नाही. ते पाणी हंड्यात दोन दिवस राहिलं तर हंड्याला आतून चुन्याचा हात दिल्यासारखा थर बसतो. साबणाला फेस येत नाही आणि डाळ म्हणून शिजत नाही. सात शिट्ट्या, आठ शिट्ट्या, चिमूटभर सोडा, तरी दाताखाली कचकच. आणि गल्लीतली घरं अशी खेटून, की कोणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या हे सगळ्यांना ऐकू येतं. शिट्ट्यांवरूनच बायकांना कळतं कोणाकडे पाहुणे आहेत, कोणाचं भांडण होऊन गॅस बंद करायचा राहिला. त्या गल्लीत रोज सकाळी हिलालच्या घरातून दोन शिट्ट्या यायच्या. मोजून दोन. आणि कुकर बंद.

शेजारच्या ताईबाई अक्कांनी पहिले चार दिवस दुर्लक्ष केलं. अक्कांचं वय सत्तरीपुढे, दात निम्मे, कान मात्र दोन्ही शाबूत. पाचव्या दिवशी त्या वाटी घेऊन विरजण मागायला आल्या आणि विरजण राहिलं बाजूला, थेट कुकरमध्येच डोकावल्या. डाळ लोण्यासारखी.

"काय व बेबा, हाई दाय कोन्ता दुकाननी शे?"

"गावनीच शे अक्का. तुम्ही लेतस तीच."

"मंग दोन शिट्टीमा कशी शिजस?"

"पानी मशीननं शे."

अक्कांनी वाटी कमरेवर टेकवली. "सांगानं नसी ते नको सांगू. पन माले येडी नको समजू."

आणि त्या विरजण न घेताच गेल्या.

त्या दिवसापासून गल्लीत नुसता शोध सुरू झाला. बेबाबाईचा भाऊ वरणगावला, दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला. तो तिथून कसलीशी पावडर आणतो, चिमूटभर टाकली की डाळीचा दाणा आतून फुटतो, असं एकीने छातीठोक सांगितलं. दुसरी म्हणाली, कुकरच परदेशी आहे, वरचा शिक्का तेवढा आपल्याकडचा. बेबाबाईला जी जी विचारी तिला ती एकच उत्तर देई: "पानी मशीननं शे." नवऱ्याला घातलेली शपथ तिने स्वतःलाही लावून घेतली होती. जितक्या वेळा ती खरं सांगे तितकी गल्लीची खात्री पटे, की ही काहीतरी लपवते आहे. हिलाल दाराआड उभा राहून ऐकायचा आणि पोट धरून हसायचा.

"तुले लाज वाटाले पायजे," एकदा तो म्हणाला. "खरं बोलीसन लोकेसले फसाडी ऱ्हायनी."

पण हसणं तेवढ्यापुरतं. होळी झाली, पाडवा झाला, कार्डं सातच. किरण मॅडमच्या टेबलावर संस्थेचं पत्र आलं, की ट्रेलर कोणत्या तारखेला पाठवावा ते कळवा. हिलाल ते पत्र वाचून बाहेर आला, त्या दिवशी त्याने भट्टीत गाळ घालताना एकही विनोद केला नाही. मॅडमनी ते पत्र खणात ठेवलं आणि उत्तर द्यायचं लांबवलं.

हनुमान जयंतीला गिरधर नानांनी नवस फेडायचा घाट घातला. नातू बारावी पास झाला होता, दुसऱ्या खेपेला. तीनशे माणसांची वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आणि खास पाहुणे म्हणजे नानांचे व्याही, धुळ्याचे रुपचंदभाऊ. वरणाचे असे दर्दी, की त्यांच्यासमोर पातळ वरण वाढायला सुना घाबरायच्या.

पंगतीची डाळ दरवर्षी नदीकाठच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात शिजायची. यंदा विहीर आटलेली. बाहेरगावच्या आचाऱ्याला हे कोणी सांगितलंच नाही. त्याने पहाटे तीन मोठी पातेली चुलवणांवर चढवली, बोअरचं पाणी ओतलं आणि ढवळत बसला. नऊ वाजले, दहा वाजले. बट्ट्या भाजून, तळून तयार. वांगी घोटून तयार. डाळ मात्र पातेल्याच्या तळाशी खडीसारखी वाजत होती. त्याने सोडा टाकला. डाळीला हिरवट रंग आला, मऊपणा काही आला नाही. कोणी म्हणालं, पिण्याच्या पाण्याचे जार आणलेत त्यातलं ओता. बघितलं तर पाहुण्यांनी निम्मे जार हात धुण्यात संपवले होते.

"बेबाले बलावा," गर्दीतून ताईबाई अक्का म्हणाल्या. "तिनापान पावडर शे."

नानांनी हिलालच्या घरी माणूस धाडला. बेबाबाई आली, मागून हिलाल, गणवेशातच, मशीनवरून थेट. बेबाबाईने पळी घातली, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, "हाई ऱ्हाऊ द्या. नवी दाय धोवा. पानी मशीननं लागी. तासभरमा व्हई जाई."

नानांचा चेहरा पडला. त्यांनी हिलालला कोपराला धरून मांडवाच्या बाजूला नेलं. जानेवारीनंतर ते दोघं पहिल्यांदाच बोलत होते.

"हिलाल, ठीक शे. टँकर आन. पन मागला दारथीन आन. कोनले सांगानं कारन नही."

हिलालला हे सोपं होतं. न बोलणं हा त्याचा जन्माचा धंदा होता. डाळ शिजली असती, तीनशे माणसं जेवली असती, मग संध्याकाळी पारावर जाऊन हसत हसत सांगितलं असतं. जानेवारीतला हिलाल असता तर त्याने तेच केलं असतं. त्याने मांडवाकडे बघितलं. बेबाबाई पातेल्याशेजारी उभी होती आणि तिच्या हातात पळी होती.

"नाना," तो म्हणाला, "पानी देस. पन गुपचूप नही. गावना बठ्ठा गुपित मी पोटमा ठेवात, तुम्हना बी. हाई एक मी ठेवाव नही. पंगत बसानी आधी तुम्हीन माइकवर सांगा."

"मी?"

"मी सांगं ते लोके हासतीन. तुम्हीन सांगं ते आयकतीन."

"आन् लोके ऊठी गयात ते?"

"ते मशीन बी जाई, मी बी जासू," हिलाल म्हणाला. ते मात्र थट्टेत नव्हतं.

नाना व्याह्यांकडे बघत राहिले. रुपचंदभाऊ खुर्चीत बसून बट्टीचा तुकडा कोरडाच चघळत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

मशीनच्या पाण्याचा टँकर पुढच्या दाराने आला. पांढराशुभ्र, वेगळा, पाण्यापुरताच ठेवलेला. हिलालने मुद्दाम तो उलटा घेतला, म्हणजे याही गाडीची सनई सगळ्या गावाला ऐकू जावी. नवी डाळ चढली. तासाभरात पातेल्यांतून हळद-हिंगाचा वास सुटला, आणि आचारी पळी हातात घेऊन बेबाबाईला विचारायला लागला, की पावडर कोणती.

पंगत बसली. नानांनी माइक घेतला, खाकरले, परत खाकरले.

"मंडळी, आजचं वरण मशीनच्या पाण्यात शिजलेलं आहे. कोणतं मशीन, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी बट्टीबरोबर गूळ-तूप घ्यावं, त्यात कमीपणा नाही. आणि हे मला हिलाल सांगायला लावतो आहे."

मांडवात पळ्यांचा आवाज थांबला. अकरा माणसं उठली. हिलालने मोजली. बाकीची उठली नाहीत, पण जेवलीही नाहीत. सगळी पत्रावळीवरच्या बट्टीकडे बघत होती आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

शांतता मोडली ती अक्कांच्या आवाजाने.

"माय व! म्हनजे बेबा, तू माले खरं सांगे?"

"तीन महिना व्हयनात, अक्का."

"आन् मी बठ्ठा गावले पावडर सांगत फिरनू!" अक्का खरोखर संतापल्या होत्या. पाण्यावर नाही, बेबाबाईवर. "इतला वरीसना शेजार, आन् तोंडवर खरं बोलस! आम्हीन कसं मानानं?" असं म्हणत त्यांनी रागारागाने बट्टी कुस्करली, त्यावर वरण ओतून घेतलं आणि मोठा घास घेतला. निम्म्या दातांना काही करावंच लागलं नाही. सगळा मांडव अक्कांच्या जबड्याकडे बघत होता. अक्कांनी द्रोण पुढे केला, आणखी मागितलं.

मग पळ्या वाजायला लागल्या.

रुपचंदभाऊंनी तिसऱ्यांदा वरण घेतलं आणि मशीनची चौकशी सुरू केली. हिलालला शेजारी बसवून घेतलं. वीज किती होते, राख कुठे जाते, टँकर किती लागतात. सगळं ऐकून ते नानांकडे वळले. "व्याही, तुमच्या गावाला हे पाणी नकोच आहे असं ऐकतो. मग आमच्याकडे द्या पाठवून. आमच्या वसाहतीत जागा आहे. धुळेवाले दोन दिवसांत साठ काय, सहाशे कार्डं भरतील."

नानांना आयुष्यात एवढी सरळ संधी कधी मिळाली नव्हती.

"नाही!" ते म्हणाले. माइक अजून त्यांच्या हातातच होता, त्यामुळे ते 'नाही' नदीपलीकडे गेलं. "मशीन कुठेही जाणार नाही. धुळ्याला तर मुळीच नाही. लोणखेडीचा माल लोणखेडीतच राहील!"

कोणत्या मालाबद्दल ते बोलत होते हे लोकांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग पंगत अशी हसली, की वाढप्यांना थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून नाना स्वतः वही घेऊन घरोघर फिरले. जे उठून गेले होते त्या अकरांपैकी चौघांनाही त्यांनी गाठलं. आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत एक्क्याण्णव कार्डं झाली. सगळ्यांनी एकच अट लिहून दिली, की पाणी फक्त डाळीपुरतं, प्यायला नाही. किरण मॅडमनी ती अट हसू न येऊ देता लिहून घेतली आणि ट्रेलरच्या पत्राला उत्तर दिलं. वैशाखाचं ऊन चढलं तशी लोणखेडीत डाळ फार खपायला लागली. एकेका घराला डाळीसाठी दिवसाला वीस-वीस लिटर पाणी लागायचं.

आखाजीला सकाळी पितरांची घागर भरायची असते. शेडवर सर्वांत आधी नाना आले, हातात नवी मातीची घागर.

"माले नको," ते हिलालला म्हणाले. "बापसाठे. बोअरना पानीले तो जलमभर शिव्या देत ऱ्हायना."

हिलालच्या ओठांवर एक विनोद आला होता. तो त्याने गिळला आणि घागर काठोकाठ भरून दिली.

आज हिलाल बावन्न वर्षांचा आहे. सकाळी सहाला मशीन सुरू करतो, त्याआधी आणि त्यानंतर तीनदा हात धुतो. पंगतीत कुठे बसायचं ते आता तोच ठरवतो आणि बहुतेक वेळा ताईबाई अक्कांच्या शेजारी बसतो, कारण त्या अजून बेबाबाईशी बोलत नाहीत आणि निरोप त्याच्याकडे देतात. दर मंगळवारी मशीन बंद ठेवून तो ते धुऊन काढतो. त्या दिवशी कॅन रिकामा असतो आणि त्याच्या घरी डाळ लावत नाहीत.